थेन

काल तिसरीला शेवटच्या ई चा नियम शिकवला.
विटाव्याची शाळा, दुपारची पाळी,
खिडकीतून खाडीचा वास,
फळ्यावर चार शब्द: कॅन, टॅप, मॅड, पिन.

"हा ई म्हणजे मागच्या बाकावरचा पोरगा," मी म्हटलं,
"स्वतः तोंड उघडत नाही.
मधल्याच्या डोक्यावरून हात लांबवतो
आणि पलीकडच्या ए ला चिमटा काढतो.
ए कळवळतो, स्वतःचंच नाव ओरडतो!"
कॅनचा केन झाला, टॅपची टेप, मॅडचं मेड.
पिनला ई लावला तेव्हा आयसुद्धा ओरडला.
एकमेकांना चिमटे काढत पोरांनी वीस शब्द लिहिले.
फरहीनच्या दंडावर वळ उठला.
तिच्या आईला काय सांगू? स्पेलिंग?

आज हर्षल तरे, दप्तर अजून पाठीवर:
"बाई, बसवर थेन लिहिलंय."
"काय लिहिलंय?"
"टी, एच, ए, एन, ई.
ए ला चिमटा बसलाय. ई गप्प आहे.
थेन."

वर्ग हसला.
मीही हसणार होते, हसू ओठांवर येऊन अडलं.
पोरानं नियमाचा एक टाकाही सोडला नव्हता.
हातात लाल पेन.
कुठे टेकवू?

"अरे, ते आपलं ठाणे."
"मग ठ कुठाय?"

ठ ला त्या भाषेत स्वतःचं घर नाही, बाळा.
ण लाही नाही.
दोघं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात,
ठ टी-एचच्या खोलीत, ण एनच्या,
दारावर पाटी मालकाच्याच नावाची.
हे मनात.
मोठ्यानं एवढंच म्हटलं: "अपवाद."
आणि तो शब्द सगळ्यांनी
अख्ख्या रायआवळ्यासारखा गालात फिरवला.

मग काय, बांध फुटला.
"हॅव का? हेव का नाही?"
"आणि गिव्ह? आणि कम?"
फळ्याच्या कडेला न ऐकणाऱ्यांची यादी वाढत गेली.
या ई ना काय झालंय, बाई?
बोलत नाहीत, चिमटाही काढत नाहीत,
नुसतेच बसलेत
आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखे.
ज्ञानदा वैती उठली, हळूच:
"माझ्या नावातला डी बोलतो की गप्प?"
मी म्हटलं, बोलतो.
शेजारची शिवांगी म्हणाली, "पण ही तर ग्यानदा आहे."
दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.
घंटा झाली. घंटेचे उपकार.

घरी कपाटात वडिलांचं नेमणूकपत्र आहे,
वागळे इस्टेटमधल्या गिअरच्या कारखान्याचं.
त्यावर गावाच्या नावाच्या शेवटी ए आहे.
ई नंतर आला.
कुणी आणला, कुठल्या टेबलावर, ठाऊक नाही.
वडील मात्र शेवटपर्यंत जुनंच लिहीत,
आणि पत्रं पोचत.

संध्याकाळी स्टॉपवर उभी होते.
पारसिकवरचं ऊन उतरलेलं, बसचा पत्ता नाही.
वाटलं, असेलही कुठेतरी थेन नावाचं शहर.
तिथे नियम एकदा शिकवला की झालं.
गटारांवर झाकणं, बस वेळेवर,
ज्यानं गप्प बसायचं तो गप्प बसतो
आणि हॅवला सगळे हेव म्हणतात.
हर्षलला तिथे दहापैकी दहा.
मला तिथे करमेल का, माहीत नाही.

बस आली, पंचवीस मिनिटं उशिरा.
अंगावर तीच पाच अक्षरं, चिखलानं एन अर्धा पुसलेला.
दारातून कंडक्टर ओरडत होता,
"ठाणेऽ ठाणेऽ, स्टेशन, ठाणेऽऽ"
आणि त्याचा तो ई
पार कळव्याच्या पुलापर्यंत ऐकू जाईल असा.

बसले. पिशवीत हर्षलची वही.
त्यानं घरून आणखी एक शब्द लिहून आणला होता,
खाली प्रश्नचिन्ह.
अजून तपासलेला नाही.